वानर दुपारी का झोपतात

आमच्या गावाच्या ओढ्याला काळ्या तोंडाच्या वानरांची टोळी आहे. लाल तोंडाचं ते माकड, काळ्या तोंडाचं ते वानर. माकडाच्या गालात खाऊ साठवायची पिशवी असते, वानराच्या नसते.

सध्या आमच्या हरभऱ्याला घाटे भरलेत. सालभराचं तेलमीठ त्याच्यावर आहे, म्हणून सुट्टीदिवशी राखणीला मी असतो. गोफण वडलांची, वाजवायचा डबा माझा. थंडीत वानर लवकर उतरतच नाहीत. शेंड्यावर ऊन खात बसतात. अंग तापलं की मग शेतात. तेव्हा माझी नुसती पळापळ होते. दुपारी मात्र सगळी टोळी चिंचेवर शेपट्या खाली सोडून गप पडते. काका म्हणतात, लई आळशी जात.

पण बाईंनी सांगितले की तो आळस नव्हे. पाला पचायला जड, आणि त्यातून शक्ती थोडीच मिळते. वानराच्या पोटात गाईसारखे कप्पे असतात. त्यात सूक्ष्मजंतू पाला आंबवतात. विरजण लावल्यावर दही लगेच होतं का? तसंच ते. तेवढ्यात उड्या मारल्या तर मिळालेली शक्ती खर्चून जाईल.

मला सगळ्यात आवडलं ते बाळाचं. दुसऱ्या वानरी बाळाला मांडीवर घेतात, तोवर आई निवांत चरते. आमची आई धाकट्याला आजीकडे देऊन भाकऱ्या थापते, अगदी तसं.

मादागास्कर बेटावर वानरांचा एक लांबचा भाऊबंद आहे, लेमूर. त्याची एक छोटी जात शेपटीत चरबी साठवते आणि कोरड्या दिवसांत झाडाच्या ढोलीत सात महिने झोपते! हे शास्त्रज्ञांनी २००४ साली छापले. मग २०१४ साली मोजून सांगितले, की तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या सस्तन प्राण्यांपेक्षा माकडांच्या कुळाला रोज साधारण निम्मीच शक्ती लागते. माणूसपण त्याच कुळातला. काकांना हे सांगितलं, तर ते नुसते हसले.

आता वर्गातल्या पोरांना सांगतो. तुम्ही दुपारी चिंचेखाली जाऊन धोंडे मारता. झोपलेली टोळी उठते आणि सरळ आमच्या हरभऱ्यात येते. पळवलं की त्यांना परत भूक लागणार, आणि खाणार कुणाचं? आमचंच. काढणीला अजून पंधरा दिवस आहेत. तोवर दुपारी तिकडे गलका करू नका. मलापण तेवढ्याच वेळात घरी जाऊन जेवता येतं.

— इयत्ता ४ थी