शिळे पाणी

मराठवाड्यात काल भरलेले पाणी आज शिळे होते. नळ आला की उरलेली घागर झाडांना घालायची आणि ताजे भरून घ्यायचे. टंचाईच्या वर्षांतही ही समजूत फारशी ढळलेली पाहिली नाही.

फिनिक्समध्ये घेतलेल्या घराच्या परसात पोहण्याचा तलाव आयताच मिळाला. सुमारे ५७,००० लिटर पाणी. भेटीला आलेल्या आईचा पहिला प्रश्न होता, "हे उपसता कधी?" उपसत नाही, हे उत्तर तिला रुचले नाही.

तलाव बाळगणे म्हणजे तेच पाणी वर्षानुवर्षे शिळे होऊ न देणे. पंपाने ते रोज काही तास गाळणीतून फिरवायचे, आठवड्यातून दोनदा तपासायचे. सामू, म्हणजे पीएच, ७.२ ते ७.८ हवा, तो वर चढला की पाण्यात असलेले क्लोरिनही निष्प्रभ होते. नवख्याला हेच उमगत नाही, तो क्लोरिन ओतत राहतो. वाळवंटातले ऊन क्लोरिन काही तासांत संपवते, म्हणून सायन्युरिक आम्लाचे छत्र लागते. नाकाला झोंबणारा तो प्रसिद्ध वास मात्र क्लोरिन जास्त झाल्याचा नव्हे. घाम आणि मूत्र यांच्याशी संयोग होऊन क्लोरामाइन तयार झाल्याचा. हे सारे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल टाकतो, तेच की!" तेच.

जॉन चीव्हरच्या 'द स्विमर' (१९६४) या कथेचा नायक शेजाऱ्यांच्या तलावांतून पोहत घरी निघतो. कथेची चर्चा त्याच्या अधःपतनाभोवती फिरते, ते रास्तच आहे. माझे लक्ष हल्ली हॅलोरन दांपत्याच्या तलावापाशी अडते. त्याला पंप नाही, गाळणी नाही. ओढाच त्याला पाणी पुरवतो. आमच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा एक वाटा कोलोरॅडो नदीचा, आणि त्या नदीवर ऑगस्ट २०२१ मध्ये इतिहासात प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर झाली.

क्लोरिनच्या वड्यांतून येणारे सायन्युरिक आम्ल उडून जात नाही, साठत जाते. यंदा ते इतके वाढले आहे की अर्धा तलाव रिकामा करण्यावाचून इलाज नाही. भर उन्हाळ्यात उपसला तर गिलावा तडकतो, म्हणून थंडीची वाट पाहतो आहोत. ते पाणी झाडांना चालेल का, असे आई फोनवर विचारते. क्लोरिन उतरू दिले तर कण्हेरीला चालते, लिंबाला नाही. आमच्या परसात तिन्ही झाडे लिंबाची आहेत.