ठिपक्यांनी कोरलेलं गाव

डॅलसहून टल्साच्या शस्त्रप्रदर्शनाला निघताना मी पाकिटाच्याही आधी छोटी टॉर्च खिशात टाकतो. जुन्या लष्करी रायफलींची टेबलं गाठायची, विक्रेत्याला विचारून रायफल हातात घ्यायची आणि नळीवर तिरपा उजेड मारायचा. लोकांना वाटतं मी गंज बघतोय. गंज काय, दिसतोच. मी शोधत असतो आयातदाराचा शिक्का.

१९६३ साली केनेडींवर झाडलेली इटालियन कार्कानो शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवलेली होती, दुर्बिणीसकट १९.९५ डॉलरला. १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्याही हत्या झाल्या आणि त्याच वर्षी बंदुकांचा नवा कायदा आला. परदेशी लष्करी रायफलींची आयात थांबली. बाहेरून जे हत्यार येईल त्यावर आयातदाराने आपलं नाव, गाव आणि राज्य कोरायचं, असं ठरलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर संग्राह्य जुन्या रायफलींना पुन्हा दार उघडलं आणि देशोदेशीच्या कोठारांतला माल पेट्यांनी येऊ लागला. प्रत्येक नगावर शिक्का. २००२पासून तर तो किमान ०.००३ इंच खोल असावा लागतो, त्यामुळे नव्या शिक्क्यांकडे डोळेझाक करणंही कठीण.

शिक्का नाही म्हणजे रायफल १९६८पूर्वी आली, नाहीतर एखाद्या सैनिकाच्या सामानातून. संग्राहक जादा पैसे मोजतात ते या दुसऱ्या शक्यतेसाठी. सैनिकाने जप्त केलेल्या हत्याराचा लष्करी कागद सोबत असेल तर भाव चढणं मी समजू शकतो. पण बहुतेक वेळा कागद नसतोच, असते ती नुसती गोष्ट. आणि १९६८पूर्वी सॅम्युएल कमिंग्ज यांच्या इंटरआर्म्सने व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाच्या गोदामांत असाच माल ढिगाने आणून विकला होता, हे विक्रेते सोयीस्कर विसरतात. देवगडच्या पेटीत भलताच हापूस भरावा, तसा हा प्रकार.

गेल्या खेपेला एका टेबलावर ईशापूरच्या दोन ली-एनफील्ड शेजारी शेजारी होत्या. कोल्हापुरात कॉलेजात असताना एनसीसीच्या परेडला हीच ‘थ्री-नॉट-थ्री’ आमच्या खांद्यावर असायची. तिचं चार किलोचं ओझं आणि दस्त्यामागची थंडगार पितळी पट्टी हात विसरलेले नाहीत. दोन्हींवर मुकुट, जीआरआय, ईशापूर आणि १९४२. एकीवर डाव्या बाजूला, फासलेल्या काळ्या रंगातून ठिपक्याठिपक्यांची अक्षरं चमकत होती: व्हरमाँटमधल्या आयातदाराचं नाव, गाव, खाली ‘इंडिया’. दुसरी कोरी. किमतीत दीडशे डॉलरचा फरक.

“ही बर्मा आघाडीवरून कुणा अमेरिकन पोराने आणलेली असणार,” विक्रेते आजोबा कोरीकडे बोट दाखवून म्हणाले.

ऐकायला छान होतं, अशक्यही नव्हतं. आसाम-बर्मात अमेरिकन सैनिक होतेच. मी टॉर्च लावली. नळीच्या बुंध्याशी, रंगाच्या थराखाली, छोटासा छाप होता: अशोकस्तंभाचे सिंह. प्रजासत्ताक झाल्यावर भारतीय कारखान्यात पुन्हा तपासल्याची ती खूण. म्हणजे १९४५ साली ती कुणाच्याही सामानात बसून ओक्लाहोमाला येणं शक्य नव्हतं. तीही पेटीतूनच आलेली, फक्त आधीच्या जहाजाने. आजोबांना सिंह दाखवले. त्यांनी चष्मा चढवून बघितले, “छान आहेत,” म्हणाले आणि किंमत होती तिथेच ठेवली.

मी शिक्क्याची घेतली. नळी आतून जास्त स्वच्छ होती, हे खरं कारण. पण ईशापूरच्या रायफलीला त्या शिक्क्याने कमीपणा येतो, हे मला पटत नाही. १९४४च्या माउझरवर तो लागला की रणांगणावरून थेट घरी आल्याची शक्यताच पुसली जाते, तिथे भाव पडणं रास्त आहे. इथे तो कुठली शक्यता पुसतो? हुगळीकाठच्या कारखान्यातून निघून, फौजेत किंवा पोलिसांत राबून, शेवटी भंगाराच्या भावाने परदेशी गेलेली ही बंदूक.

घरी आणल्यावर मित्राने सुचवलं, अक्षरं भरून, घासून, रंग देऊन टाक. माझ्या मते हा तोटा दुप्पट करण्याचा उपाय. घासलेला पत्रा तिरप्या उजेडात लगेच ओळखू येतो आणि मग गिऱ्हाइकाला वाटतं की आणखीही काही लपवलंय. त्यातून चुकून अनुक्रमांकाला हात लागला तर तो सरळ गुन्हा.

माझ्याकडे आधीपासून एक ब्रिटिश एनफील्ड आहे. तिच्यावर ‘इंग्लंड’ असा ठसठशीत छाप आहे, शिवाय नळीवर बर्मिंगहॅमच्या चाचणीचे आकडे. हे सगळं ती फौजेतून निघून व्यापाऱ्यांच्या हाती गेली तेव्हा ठोकलेलं, म्हणजे विक्रीसाठीचंच. पण तो छाप जुना, म्हणून व्हरमाँट बघून नाक मुरडणारे हे मात्र कौतुकाने वाचतात. व्हरमाँटलाही तसे दिवस येतील असा माझा अंदाज आहे. तोवर दीडशे डॉलरची सूट घ्यायला माझी काही हरकत नाही.