आग आणि उजो

माझ्या कोकणी मातृभाषेत आगीला ‘उजो’ म्हणतात. तो पुल्लिंगी, तर मराठीतील ‘आग’ स्त्रीलिंगी! येथे बऱ्हाणपुरास व्याकरणाच्या तासाला ही गंमत सांगत असता एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आग विझवणाऱ्याचे स्त्रीलिंगी रूप काय?”

“अगं, ते काम पुरुषांचेच!” मी म्हणालो. वर्ग हसला, ती मुकाट्याने खाली बसली.

घरी येऊन शोध घेतला आणि ओशाळलो. लंडनच्या अग्निशमन दलात १९८२ सालीच स्त्री दाखल झाली होती. आणि नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात २००२ साली हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला, तेथील पहिल्याच विद्यार्थिनी म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते नाव मी फळ्यावर लिहिले. तिने वहीत उतरवून घेतले व विचारले, “सर, येथून नागपूर किती लांब?”