पडद्यामागचा विनायक

संपादकांनी ‘परदेशातले आपले देव’ असा विषय दिला. ‘आपले’ या शब्दापाशीच माझं पेन अडलं, कारण गेल्या गणेशोत्सवातली एक गोष्ट अजून डोक्यातून जात नाही.

आषाढात एका मंडळाची चार मुलं घरी आली होती. “बाई, यंदा देखावा जपानच्या गणपतीचा. तुम्ही तिकडे जाऊन आलात ना, फोटो द्या.” मूर्तिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. असा प्रश्न घेऊन कुणी आपणहून दारात आलं की मला फार आनंद होतो. त्या आनंदात मी एका ग्रंथातलं रेखाचित्र काढलं, कोपऱ्यावरून त्याची झेरॉक्स आणवली आणि तासभर बोलत बसले. मुलांनी जीव ओतून काम केलं. वर्गणीचे पैसे जपून वापरले, कागदाचा लगदा स्वतः मळला आणि आठ फुटांची मूर्ती उभी केली. दोन गजमुख, समोरासमोर, घट्ट मिठीत, माना एकमेकांच्या खांद्यावर टेकलेल्या.

पहिल्याच संध्याकाळी गहजब झाला. आयाबायांनी पोरांना हाताला धरून घरी नेलं. एका आजोबांनी अध्यक्षाला भर रस्त्यात झापलं. रात्री अकराला फोन आला, “बाई, आमचं काय चुकलं?” चूक त्यांची नव्हती. माझी होती, पण लोक जी म्हणत होते ती नव्हे.

या देवाला जपानीत शोतेन किंवा कांगितेन म्हणतात. ‘तेन’ म्हणजे देव, ‘कांगि’ म्हणजे आनंद. तो चीनमार्गे तिकडे पोचला. कूकाई नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला गेला आणि ८०६ मध्ये मंत्रयान या बौद्ध पंथाचे ग्रंथ आणि मंडलं घेऊन परतला. त्या मंडलांच्या बाहेरच्या पट्ट्यात विनायक आहे. तिथे तो एकटाच. जोडमूर्तीची उपासना पुढे वाढली. तिची कथा अशी की विनायक फार उपद्रवी, लोकांच्या कामांत विघ्नं आणणारा. त्याला ताळ्यावर आणायला एकादशमुख अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाने हत्तीच्याच मुखाचं स्त्रीरूप घेतलं. विनायक भाळला. तिने अट घातली की धर्माचं रक्षण करणार असलास तरच जवळ येईन. त्याने कबूल केलं. मूर्तीत तिची पावलं त्याच्या पावलांवर रोवलेली असतात. मिठीकडे सगळे बघतात, पायांकडे कुणी बघत नाही, आणि सगळा अर्थ तर तिथे आहे. आमच्या मुलांनी ती पावलंसुद्धा बिनचूक घडवली होती.

मांडीवर शक्ती घेतलेला गणपती आपल्याकडे आहे, उच्छिष्ट गणपतीही आहे. पण दोघंही गजमुख आणि मिठीत, अशी भारतीय मूर्ती माझ्या पाहण्यात नाही. लोक लगेच म्हणतात, त्यांनी आपला देव बिघडवला. हे ऐकलं की माझा जीव तळमळतो, म्हणून इथे जरा लांबण लावते.

तोक्योत आसाकुसा भागात, सुमिदा नदीच्या काठी एका लहानशा टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे या देवाचं देऊळ आहे. तिथे नारळ-हार मिळत नाहीत, मुळे मिळतात. पांढरेशुभ्र, जाडजूड, हातभर लांब. भक्त मुळा विकत घेतात, देवापुढे ठेवतात. देवापुढून उतरवलेले मुळे लोक प्रसादासारखे घरी नेतात. देवळात जागोजागी दोन खुणा दिसतात. एक, एकमेकांत गुंतलेले दोन मुळे. दुसरी, पैशाची थैली. मीही एक मुळा आणला आणि खोलीवर कच्चाच खाल्ला. आपल्यापेक्षा गोड, तिखटपणा अगदी शेवटी.

आता वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गजमुखाचं जे वर्णन येतं, ते उघडून पाहा. त्याच्या हातात परशू आहे आणि मूलककंद आहे. मुळा! हा श्लोक मागाहून घुसवलेला आहे असं काही अभ्यासक मानतात. मानोत. घुसवणाराही भारतीयच होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे मुळा धरलेला गणपती होता. आपल्या हातून तो मुळा सुटला, लाडू-मोदक राहिला. जपानने मुळा ठेवला आणि मोदकही सोडला नाही. क्योतोत तांबड्या कडधान्याचं गोड सारण भरून, वर कळ्या जुळवून, तिळाच्या तेलात तळलेला याच देवाचा नैवेद्य मिळतो. आपल्या तळणीच्या मोदकाशेजारी ठेवला तर सख्खा भाऊ वाटेल.

स्वभावाचंही तेच. मानवगृह्यसूत्रात विनायक एक नाही, चार आहेत आणि चौघेही त्रास देणारे. ते लागले की राजपुत्राला राज्य मिळत नाही, मुलीचं लग्न जमत नाही, शेतकऱ्याचं पीक बुडतं. याज्ञवल्क्यस्मृतीत ते चार जाऊन एक विनायक उरतो, पण विघ्न घालण्याचं काम त्याच्याकडेच राहतं. आपला विघ्नहर्ता हा त्या विघ्नकर्त्याला प्रसन्न करून घेतल्यानंतरचा आहे. जपानी भक्त शोतेनला अजून वचकून असतो. त्याची सेवा अर्ध्यावर सोडू नये, नवस बोललात तर फेडा, असं बजावतो. हा माझ्या मते बिघाड नाही, जुना थर आहे. मात्र त्या गृह्यसूत्रात हत्तीच्या मुखाचा उल्लेख नाही, त्यामुळे तो विनायक आणि आपला गणपती एकच हे मी शपथेवर सांगू शकत नाही. वर्गात मी हे इतक्या ठामपणे शिकवलं आहे की आज लिहिताना हात जरा कचरतो.

देव बदलतात याचा धक्का मराठी माणसाला बसावा याचंच मला नवल वाटतं. जुन्या दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी, बुद्धाच्या ठिकाणी, आपण विठोबा उभा केला. रा. चिं. ढेरे यांनी श्रीविठ्ठलाला ‘महासमन्वय’ म्हटलं ते उगाच नाही. सरस्वती जपानमध्ये बेंझाइतेन झाली. आधी आठ हातांत शस्त्रं घेतलेली, मग वीणेसारखं बिवा वाजवणारी. तिच्या नावातलं ‘बुद्धी’चं अक्षर बदलून त्याच उच्चाराचं ‘धना’चं अक्षर आलं आणि कामाकुरात लोक तिच्या झऱ्यावर नोटा धुऊ लागले. महाकाल तर तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून हसणारा दाइकोकुतेन झाला.

गमतीची नव्हे, मला खरोखर हलवून टाकणारी गोष्ट पुढची आहे. गणपती जपानला दोनदा गेला. दुसऱ्यांदा तो आपल्या उघड रूपात, ‘गानेशा’ या नावाने गेला. २००७ साली केइया मिझुनो या लेखकाची एक कादंबरी आली. त्यात गानेशा एका साध्या नोकरदार माणसाच्या घरी प्रकटतो, ओसाकाकडच्या रांगड्या बोलीत त्याला फैलावर घेतो, गोडधोड हाणतो आणि बूट पुसण्यासारखी कामं सांगून त्याला सुधारतो. पुस्तक लाखांनी खपलं, त्यावर मालिका झाली. ती कादंबरी वाचणाऱ्या कितीतरी जणांना पलीकडच्या देवळात बंद असलेला शोतेन हाच तो, हे ठाऊक नसतं. बाराशे वर्षांच्या अंतराने आलेले एकाच घरचे दोघं, एकाच शहरात, ओळख नसलेले. आणि आपल्याकडे मोबाइलवर निरोप फिरतो की जपानमध्ये घरोघरी गणपती बसतो. असं काही नाही. हा निरोप मला दर भाद्रपदात किमान दहा जण पाठवतात आणि दहाही जणांना मी उत्तर लिहिते.

आता माझी चूक. शोतेनची मूर्ती दाखवत नाहीत. ती बंद देव्हाऱ्यात असते. पुजारी एकांतात त्या लहानशा धातूच्या मूर्तीवर कोमट तेलाचा अभिषेक करतो, पुन्हा पुन्हा. भक्त दारापुढे हात जोडतो, इतकंच. आसाकुसाला मीही बंद दारासमोर उभी राहिले होते आणि तेव्हा मला ते योग्यच वाटलं होतं. तरी त्या मुलांना मी चित्र दिलं आणि हे सांगायचं राहून गेलं. तासभर बोलले, मुळ्यावर बोलले, पावलांवर बोलले, आणि एवढं एक राहिलं. ज्यांचा तो देव आहे त्यांनी जे हजार वर्षं झाकून ठेवलं, ते मी चौकात उघडं करवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात जाऊन मुलांना हे सगळं सांगितलं. अध्यक्ष गप्प ऐकत होता. मग म्हणाला, “म्हणजे बाई, झाकलेला असतो तोच खरा देखावा?” मी हो म्हटलं. दुपारी त्यांनी तांबडा पडदा शिवून आणला, मूर्तीपुढे सोडला आणि पाटीवर चार ओळी लिहिल्या. कुणाच्या तरी आईने मंडईतून मुळ्याची जुडी आणून पाटावर ठेवली. दहा दिवस लोक पडद्यासमोर थांबत, पाटी वाचत, काही जण हात जोडत. झापणारे आजोबा रोज येऊन पडद्याच्या फटीतून खाली, पायांकडे बघून जात.

प्राणप्रतिष्ठा मुख्य मूर्तीची झालेली, हिची नाही, म्हणून विसर्जन नव्हतं. मूर्ती मंडळाच्या गोदामात आहे. पडदा मुलांनी काढलेला नाही. हिचं पुढे काय करायचं, हे त्यांनी मला तीनदा विचारलं आहे. मी आसाकुसाच्या देवळाला विचारायचं ठरवलं आहे. पत्राचा मसुदा टेबलावर आहे. ‘आपला’ हा शब्द तिथेही दोनदा लिहून खोडला आहे.