बाणाची टोकं

शेवगावात कापसाचं बी मिळतं, ऊसतोडीचा कोयता मिळतो. बाण मिळत नाहीत. आमच्या धाकटीचे सहा बाण पुण्याहून आणलेले, तेही कुणीतरी वापरून सोडलेले. अॅल्युमिनियमच्या नळ्या, त्यावर १८१६ असा आकडा. अण्णा म्हणाले, "लय जुनं साल आहे की गं." पण ते साल नव्हतं. नळीची जाडी १८/६४ इंच आणि पत्रा ०.०१६ इंच, म्हणजे लग्नपत्रिकेच्या कागदाएवढा.

या पोकळ नळीच्या तोंडात इन्सर्ट बसतो. आतून आटे असलेलं इवलंसं नळकांडं, त्यात टोक फिरवून आवळायचं. इन्सर्ट नीट चिकटला नसला की बाण उपसताना टोक पाचटाच्या गठ्ठ्यातच राहतं. नगरच्या निवडीला दोन दिवस उरले आणि सहांतले तीन बाण बोडके!

अण्णांच्या हाताला खुरप्याची मूठ बसवायची सवय. लोखंड लाल करायचं, लाकडात ठोकायचं, झालं. त्यांनी नळी उचलून थेट चुलीकडं नेली.

"अण्णा, नळी नका तापवू!" धाकटी केवढ्यानं ओरडली.

तिचं खरं होतं. लोखंड तापलं की रंग बदलून सांगतं. अॅल्युमिनियम मुकं. दिसायला तसंच राहतं, पण ताकद गेलेली असते. मग नळी जरा कशाला धडकली की वाकते आणि वाकलेला बाण सरळ जात नाही.

म्हणून आधी नळीच्या तोंडाची कोर घासली, आतून स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. इन्सर्टला टोक लावून ते पक्कडीत धरलं आणि इन्सर्ट स्पिरिटच्या दिव्यावर फक्त कोमट-गरम केला, इतकाच की ग्लूची कांडी त्यावर वितळावी. मग फिरवत फिरवत आत, म्हणजे ग्लू चहूबाजूंनी सारखा पसरतो. बाहेर आलेला लगेच पुसायचा.

दुकानदारानं दोन ट्यूबांचा पक्का गम सुचवला होता. तिनं घेतला नाही.

"मग हे तापवलं की परत निघंल?" अण्णा.

"निघायलाच पाहिजे. इन्सर्ट खराब झाला तर नळी फेकायची का?"

यावर अण्णा गप्प. नळीची किंमत त्यांना पाठ होती. कापसाच्या पट्टीतून आईनंच ती काढून दिली होती. साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ साली बर्लिनमध्ये जगज्जेती झाली, तेव्हा ती अवघी १७ वर्षांची. ते कात्रण आईनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

नगरला धाकटीची निवड दोन गुणांनी हुकली. रात्री एसटीतून उतरली, तर अण्णांनी गुण विचारलेच नाहीत.

"टोकं किती आली परत?"

"सहाच्या सहा."