पॅनेलच्या मागे दडलंय काय?

‘मॅम, ही वॉल बोलली पाहिजे!’

आमच्या १० बाय ११च्या हॉलमधल्या पश्चिमेच्या भिंतीकडे बोट दाखवत इंटिरियर डिझायनर म्हणाली आणि मी नि माझा नवरा, आम्ही दोघंही भिंतीकडे असे बघायला लागलो, जणू ती आत्ता तोंड उघडणार! भिंत गप्प. ऑफ-व्हाइट रंग, मध्ये टीव्हीचा ब्रॅकेट, बाजूला लोंबणारी केबल. २०२३मध्ये पुण्यातल्या या फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हापासून ती तशीच होती आणि तिच्यात काही कमी आहे असं आम्हाला कधी वाटलंही नव्हतं. पण डिझायनरने टॅबवर बोट फिरवलं आणि तीच भिंत अक्रोडी रंगाच्या उभ्या पट्ट्यांनी नटूनथटून समोर आली. मागून पिवळसर लाइट. एकदम हॉटेलची लॉबी!

कोटेशन होतं ७२ हजारांचं. नवऱ्याने घसा खाकरला. मी मात्र मनातल्या मनात ‘डन’ म्हणून टाकलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, एका भिंतीसाठी ७२ हजार? तर त्यामागे कारणं होती. एक सांगण्यासारखं, एक न सांगण्यासारखं. सांगण्यासारखं कारण म्हणजे माझं काम. मी फ्रीलान्स जर्नालिस्ट. अर्ध्या मीटिंगा व्हिडिओ कॉलवर होतात. समोरच्याच्या मागे पुस्तकांचं कपाट नाहीतर झक्कास लाकडी भिंत, आणि माझ्यामागे लोंबणारी केबल. न सांगण्यासारखं कारण म्हणजे बाबा. बारावीनंतर मी मास कॉमला जायचं म्हटलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, ‘त्यावर घर चालतं का?’ भांडले नाहीत, फीसुद्धा भरली. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात दहा वर्षं मुक्काम ठोकून होता. फ्लॅटचा हप्ता जातो नवऱ्याच्या पगारातून. म्हणून ही भिंत मला माझ्या पैशांतून हवी होती. बाबांनी आत पाऊल टाकलं की समोर ती दिसली पाहिजे.

पैसे होते, एका एफडीमध्ये. फ्रीलान्सरची एफडी म्हणजे काय, ते ज्यांचे चेक तीन-तीन महिने अडकतात त्यांनाच कळेल. काम बंद पडलं तर सहा महिने तग धरण्यासाठी ठेवलेली ती गंगाजळी. ती मी मोडणार होते. नवरा म्हणाला, ‘विचार कर.’ मी म्हटलं, ‘केलाय.’

ही गोष्ट २०२४च्या ऑक्टोबरातली. दिवाळीच्या आत भिंत ‘बोलकी’ करायची होती. आणि नवरात्रात आई-बाबा डोंबिवलीहून आले.

बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले फिटर. घरात शिरल्यावर माणसं पडदे बघतात, किचन बघतात. बाबा प्लगपॉइंट बघतात, नळ उघडून बंद करतात. मी मोठ्या उत्साहाने त्यांना टॅबवरचं चित्र दाखवलं. ‘छान आहे,’ म्हणाले. मग उठून त्या पश्चिमेच्या भिंतीपाशी गेले आणि तळहात टेकवून उभे राहिले. आई ताप बघताना कपाळावर ठेवते ना, अगदी तसा. मग बोटाच्या पेराने टकटक केलं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात नखाने जरा खरवडलं, तर रंगाचा पापुद्रा अलगद हातात आला. मागे पांढरी भुकटी.

‘ही भिंत ओली आहे,’ बाबा म्हणाले. ‘हिला आधी सुकू दे.’

मला राग आला. खरंच आला. मला वाटलं, झालं, यांना माझं काहीच कधी आवडायचं नाही. मी म्हटलं, ‘बाबा, पावसाळ्यानंतर सगळ्यांच्याच भिंती थोड्या दमट असतात. आणि पॅनेल लावल्यावर ते दिसणारसुद्धा नाही!’

‘तेच तर,’ बाबा म्हणाले.

वाद नको म्हणून त्यांनी एक साधा प्रयोग सुचवला. दीड बाय दीड फुटाचा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्यायचा आणि भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा. एक-दोन दिवस हात लावायचा नाही. मग बघायचं. प्लॅस्टिकवर खोलीच्या बाजूने दमटपणा असेल तर तो हवेतला. आतल्या, म्हणजे भिंतीच्या बाजूने थेंब जमले असतील तर पाणी भिंतीतून येतंय. आम्ही दोन तुकडे लावले. एक पश्चिमेच्या भिंतीवर, एक समोरच्या, बेडरूमला लागून असलेल्या भिंतीवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेडरूमकडचा तुकडा कोरडा ठणठणीत. पश्चिमेचा मात्र आतून घामाघूम!

कारण सोपं होतं, फक्त आम्ही कधी विचारच केला नव्हता. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. इमारतीची ती बाजू चार महिने मार खाते. बाहेरच्या प्लॅस्टरला केसाएवढी जरी चीर असली तरी पाणी आत मुरतं आणि पुढे सावकाश खोलीच्या बाजूने बाहेर पडतं. भिंत उघडी असेल तर ते निदान सुकतं, डाग पडतो, आपल्याला कळतं. तिच्यावर पॅनेल ठोकलं की मधल्या फटीत अंधार, ओल आणि बंद हवा. बुरशीला आणखी काय पाहिजे? एमडीएफ असेल तर ते पाणी पिऊन फुगतं. साध्या प्लायचे थर सुटतात आणि वाळवीला आयतं आमंत्रण मिळतं. ‘मग पीव्हीसीचं पॅनेल लावू, ते भिजत नाही,’ असं मी डिझायनरला म्हटलंही. पण पीव्हीसी भिजत नाही म्हणून त्यामागची भिंत सुकत नाही!

आणि खरा धक्का पुढेच होता. २०१६च्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला आणि तो बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणजे मी ७२ हजार खर्चून काय करणार होते, तर जो दोष मला फुकटात दुरुस्त करून मिळणार होता, तोच ५ वर्षं पूर्ण होईपर्यंत छान झाकून ठेवणार होते. वर पिवळा लाइट सोडून!

अर्थात, बिल्डरचं ऑफिस काही आरती घेऊन उभं नव्हतं. ‘पेंटचा प्रॉब्लेम आहे’ इथपासून सुरुवात झाली. मग मी रीतसर लेखी तक्रार दिली, फोटो जोडले, ताब्याची तारीख घातली, कायद्याचं कलम घातलं. लिहिण्याच्या धंद्याचा इतका थेट उपयोग मला पहिल्यांदाच झाला. बाबांनी तो मसुदा चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘पत्र चांगलं लिहितेस.’ जानेवारीत बाहेरून झूला लागला, चिरा बुजवल्या गेल्या, वॉटरप्रूफिंग झालं. मग आम्ही अख्खा २०२५चा पावसाळा वाट बघितली. भिंत कोरडी राहिली.

या वाट बघण्याच्या काळात मी पॅनेलिंगवर जरा अभ्यास केला. म्हटलं, मुळात ही कल्पना आली कुठून? तर युरोपातल्या दगडी घरांतून. तिकडे भिंती थंडगार आणि दमट. अंगाला गारठा लागू नये म्हणून माणसं भिंतींना लाकडाचं अस्तर लावायची. खुर्च्यांच्या पाठी घासून गिलावा खराब होऊ नये म्हणून कमरेपर्यंत लाकडी पट्टा घालायची. म्हणजे सौंदर्य नंतर, काम आधी. आपल्या पुण्यातला विश्रामबागवाडा बघा. दुसऱ्या बाजीरावाच्या त्या वाड्याच्या दर्शनी भागाचं नक्षीदार लाकूड बघून आपण माना वर करकरून फोटो काढतो, पण तिथले खांब-तुळया शोभेला चिकटवलेल्या नाहीत. वाडा त्यांच्यावर उभा आहे.

आणि मग मला एकदम आठवली आमची डोंबिवलीची दोन खोल्यांची जागा. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल ती भिंत. खाली ऑइलपेंट, वर डिस्टेंपर. खालचा पट्टा गडद, वरचा फिका. दर दोन-तीन वर्षांनी दिवाळीआधी बाबा स्वतः रंग काढायचे. आधी रेघ मारायची. सुतळी गेरूत बुडवायची, एक टोक आईच्या हातात, एक माझ्या. बाबा मध्ये उभे राहून सुतळी ताणायचे आणि फट्कन सोडायचे. भिंतीवर सरळ लाल रेघ! उंची किती घ्यायची? त्याचंही माप ठरलेलं. बाबा भिंतीला टेकून गादीवर बसायचे. बसलेल्या माणसाचं डोकं, अधिक चार बोटं. कारण डोक्याला खोबरेल, हाताला कसलं ना कसलं काळं, पोरांच्या हातात पेन्सिली. ऑइलपेंट ओल्या फडक्याने पुसता येतो, डिस्टेंपर येत नाही. तरी बाबा पेपर वाचताना जरा वर सरकले की आई ओरडायचीच, ‘अहो, डोकं! तेलाचा डाग पडतो!’

म्हणजे काय, तर ज्याला मी आमच्या घराची गरिबी समजत होते, ते आमचं पॅनेलिंगच होतं की!

तर मंडळी, मॉडर्न घराला पॅनेलिंग शोभतं का? माझं उत्तर आहे, शोभतं, पण त्याला काहीतरी काम द्या. उभ्या पट्ट्यांनी बुटकी खोली उंच भासते, हे डिझायनरचं म्हणणं खोटं नाही. पण त्याच पट्ट्यांच्या खाचांत धूळ बसते आणि शेजारी चार टॉवर उभे राहत असतील तर ती पुसणारे तुम्हीच असता. आणि छोट्या फ्लॅटमध्ये जागेचा हिशेब जरूर करा. लाकडी चौकट, त्यावर प्लाय, त्यावर पट्ट्या मिळून दोन इंच जातात. आमच्या १० फुटांच्या भिंतीला ते साधारण पावणेदोन चौरस फूट होतात. आम्ही कार्पेटला चौरस फुटामागे ८ हजार मोजलेत. म्हणजे १३-१४ हजारांची जागा नुसत्या पट्ट्यांखाली!

शेवटी आम्ही काय केलं? पश्चिमेची भिंत उघडीच ठेवली. तिने बोलायचं ते बोलून झालंय. केबल फक्त पट्टीच्या आत घातली. पॅनेल केलं समोरच्या, कोरड्या भिंतीला, जिथे दिवाण आहे, आणि तेही अर्ध्या उंचीचं. १२ एमएमचा, आयएस ७१०चा शिक्का असलेला मरीन प्लाय, त्यावर साधं मॅट लॅमिनेट, वरच्या कडेला सागाची पट्टी. दोन शीटमध्ये काम झालं. खर्च २४ हजार. एफडी मोडली नाही. एका मोठ्या असाइनमेंटचा चेक चक्क वेळेवर आला, त्यातून भागलं. आणि हो, व्हिडिओ कॉलला मी आता दिवाणावर बसते. माझ्यामागे जेवढं लाकूड दिसायला हवं तेवढं बरोबर दिसतं.

गेल्या दिवाळीआधी सुतारकाका आले, तेव्हा बाबाही आलेले होते. काकांनी विचारलं, ‘ताई, हाइट किती धरू?’ मी बाबांकडे बघितलं. बाबा काही न बोलता दिवाणावर जाऊन बसले, भिंतीला पाठ टेकली आणि डोक्यावर चार बोटं आडवी धरली. मी तिथे पेन्सिलने खूण केली. काका हसले आणि त्यांनी लेव्हल लावून रेघ मारली.

काम संपल्यावर बाबांनी सागाच्या पट्टीवरून हात फिरवला, सांधे बघितले. ‘किती झाले?’

मी आकडा सांगितला. आणि न विचारता पुढे म्हटलं, ‘माझ्याच पैशांतून.’

‘हं,’ म्हणाले. मग पेपर उघडून दिवाणावर ऐसपैस बसले आणि डोकं मागे टेकलं.

‘अहो, तेल!’ किचनमधून आई.

‘पुसता येतं,’ बाबा म्हणाले आणि पान उलटलं.