चाकापेक्षा दगड बरा
आमचं डोंगरकडा, जवळा पांचाळ, वारंगा हा कळमनुरी तालुक्यातला पट्टा केळीचा. शेतात घड उतरवायला कोयता, पिलं काढायला विळा. घरात एक जुनी पोलादी विळी आणि दोन स्टीलच्या सुऱ्या. कच्ची केळी आणि केळफूल वारंवार चिरायचं, त्यामुळे चिकाचा काळा थर पात्यावर बसतो आणि खाली धार आहे की गेली तेच कळत नाही. म्हणून आधी तेलाचं बोट फिरवून चीक सोडवायचा, मग राखेनं पातं घासायचं आणि त्यानंतरच दगड हातात घ्यायचा.

पूर्वी सायकलवर चाक बसवलेला धारवाला गल्लीत यायचा. ठिणग्या उडाल्या की पोरं भोवती जमायची आणि बायांना वाटायचं, काम पक्कं झालं. सासूबाईंचा मात्र त्या ठिणग्यांवर राग. "पाणी उतरतंय गं तिचं," म्हणायच्या. त्यांचं बरोबरच होतं. पोलाद तापवून पाण्यात बुडवतात, तेव्हा त्याला कडकपणा येतो. कोरड्या चाकावर पातळ कड पुन्हा तापली की तो कडकपणा जातो. कडेला निळसर झाक दिसली, तर तेवढं पोलाद मऊ पडलं म्हणून समजावं. अशी धार पहिल्या दिवशी झकास चालते आणि आठवड्यात बसते. वर चाक पातंही भरपूर खातं. आमच्या विळीची रुंदी अशीच निम्मी झाली. आपल्याकडे धारेची जाणकार माणसं नाहीत असं नाही. नांदेडला शिकलगार शीख आहेत, शस्त्रांचं धार-पाणी हा त्यांचा पिढीजात धंदा. पण रोजच्या सुरीसाठी नांदेड कोण गाठणार?

म्हणून मी दोन अंगांचा दगड आणला, एक बाजू खरबरीत, एक बारीक. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो कार्बोरंडमचा. 1891 साली अमेरिकेत एडवर्ड अॅचिसन यांनी माती आणि कोळसा विजेच्या भट्टीत तापवून हा पदार्थ बनवला. पोलादापेक्षा तो कितीतरी कठीण. शेजारच्या मामी अजून शहाबादी फरशीच्या कडेवर सुरी घासतात. ती चुनखडीची, मऊ. पोलादाला ती काय धार लावणार! त्यापेक्षा चिनी मातीचा कप पालथा घालून तळाच्या खरबरीत कडेवर सुरी फिरवलेली बरी, निदान वेळ तरी निभावते.

सगळी मेख सुरी किती तिरपी धरायची यात आहे. पंधरा ते वीस अंश पुरतात. दोन सेंटिमीटर रुंद पात्यासाठी मी पाठीखाली रुपयाची चार नाणी ठेवून अंदाज घेते, मग नाणी काढून तोच कल हातानं सांभाळते. कडेला मार्करची रेघ ओढायची. शाई फक्त वर खरवडली गेली तर सुरी फार आडवी पडतेय, आणि नुसत्या टोकाची गेली तर फार उभी. दगड ओला ठेवायचा, फार जोर द्यायचा नाही. एका अंगानं घासत राहिलं की दुसऱ्या अंगाला केसाएवढी कड उलटून येते. डोळ्यांना ती दिसत नाही. पाठीकडून धारेकडे अंगठा हलकेच सरकवला की खरखर लागते. टोकापासून मुठीपर्यंत ती लागेपर्यंत बाजू बदलायची नाही. बहुतेक लोक इथेच घाई करतात.

ही उलटलेली कड शेवटी काढावीच लागते, नाहीतर पहिल्याच कांद्याला ती दुमडते आणि सुरी पुन्हा बोथट. त्यासाठी चामडं. न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवायचे तो याचसाठी. आता त्यांच्याकडे वापरून फेकायची पाती आली आणि पट्टे गेले. मी यजमानांचा जुना पट्टा लाकडी फळीला चिकटवलाय, खऱ्या चामड्याचा. रेक्झिनचा चालत नाही, तो दबतो. सुरीची पाठ पुढे, धार मागे, अशी ओढायची. टोकाला आलं की पाठीवरून उलटायची, धारेवरून उलटली तर चामडं चिरतं. अशी सुरी पिकल्या टोमॅटोवर नुसती टेकवून ओढली की साल उघडते. कांदाही चेंगरत नाही, म्हणून डोळ्यांना कमी झोंबतो.

विळीची गोष्ट वेगळी. तिचं पातं वळणदार आणि पाटाला पक्कं, ते दगडावर नेता येत नाही. तिथे दगडच तिच्याकडे न्यायचा. पाटावर पाय रोवून बसायचं आणि अरुंद दगड पात्याच्या वळणानं खालून वर, बोटं धारेपासून लांब ठेवून. पोलादी असल्यानं ती स्टीलच्या सुरीपेक्षा लवकर पाजवली जाते, पण चिंच-कैरी चिरून तशीच ठेवली की सकाळपर्यंत गंजते. पुसून खोबरेल तेलाचा हात मारायचा.

शेतातला कोयता मी करत नाही, त्याला कानसच हवी आणि ते काम गड्यांकडे. अडकित्ताही नको. त्याची खीळ काढल्याशिवाय पात्यापर्यंत दगड पोचत नाही आणि खीळ नीट परत बसली नाही तर सुपारी कातरायच्या ऐवजी चेमटते. तो घिसाड्याकडेच द्यावा.